आधी सांडपाण्याची वाट, मग न्हाणीघर

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या वाड्यांत ज्या घरांना न्हाणीघर नाही, त्या घरांतील स्त्रियांची आंघोळ उजाडण्यापूर्वीच उरकली जाते. घरामागे चार खुंट्या रोवून त्यांभोवती जुने लुगडे किंवा गोणपाट गुंडाळलेले असते. पायाखाली एखादा सपाट दगड असतो, आणि अंगावरून उतरलेले पाणी वाट फुटेल तिकडे जाते. आषाढात हा आडोसाही टिकत नाही. मग पडवीच्या कोपऱ्यात कसेबसे दोन तांबे अंगावर घ्यावयाचे व भिजलेली जमीन दिवसभर तुडवीत राहावयाचे, असा प्रकार चालतो. घरात बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल, तर त्या हालांना पारावार राहत नाही.

अशा घरात न्हाणीघर नको आहे असे नव्हे. कारण विचारले असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ते म्हणजे “नळ नाही, मग न्हाणीघर कशास?” हे उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते, परंतु ते खरे कारण नव्हे. डोक्यावरून आणलेल्या दोन हंड्यांवरही न्हाणीघर उत्तम चालते. वापरलेले पाणी बाहेर जाण्यास वाट नसेल, तर मात्र दारात नळ असूनही ते चालत नाही. न्हाणीघर बांधून दोन वर्षांत त्यात सरपण भरून ठेवलेले दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. आत पाणी तुंबू लागले, मागे दलदल झाली, डास वाढले, शेजाऱ्याशी तंटा झाला, आणि बायका पुन्हा त्या दगडावर जाऊ लागल्या.

थोडा हिशेब केला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरण्यात आले. सहा माणसांच्या घरात त्या मानाने ३३० लिटर पाणी येईल. त्यातील सुमारे चार पंचमांश वापरून पुन्हा बाहेर पडते, असे सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे २६० लिटर सांडपाणी, पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास सतरा हंडे. पाणी डोक्यावरून आणावे लागते तोवर घरात जपून वापर होतो व सांडपाणी बेताचे असते. नळ येतो त्या दिवसापासून ते वाढते. यास्तव नळाची वाट पाहत बसण्यापेक्षा नळ येण्यापूर्वीच सांडपाण्याची वाट करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

जमीन तीन प्रकारची

या दोन तालुक्यांत पावसाचे मान वर्षास तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते, आणि त्यातील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या काठी भाताची खाचरे आहेत. तेथील माती चिकट, आणि श्रावणात भूजल अगदी जोत्यापर्यंत चढते. त्याच्या वरच्या अंगाला मुरमाड उतार आहेत. बहुतेक वाड्या याच उतारांवर वसलेल्या आहेत. आणखी वर गेल्यास हातभर मातीखाली काळा कातळ लागतो. कोथळीगडाच्या माचीवरील पेठसारख्या गावी डोंगर चढून जावे लागते. तेथे घराघरांत नळाचे जाळे पसरण्याची कल्पना करून पाहावी.

पाण्याची विषमताही येथे विलक्षण आहे. १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या व १९२२ सालच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे नदीकाठास उन्हाळ्यातही पाणी मिळते. राजनाल्याच्या कालव्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होते. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते. आणि तेथून दिसणाऱ्या डोंगराच्या कुशीतील वाडीत चैत्र-वैशाखात हंड्यासाठी रांग लागते. ही तक्रार येथे पुरे. परंतु न्हाणीघराचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे की, एकाच तालुक्यात एका गावचा उपाय दुसऱ्या गावी चालेलच असे नाही.

जागा कशी निवडावी

सर्वांत मोठी चूक जागेच्या निवडीत होते. नळाची तोटी जेथे आली आहे किंवा रस्ता जेथे आहे, तेथेच न्हाणीघर उभे केले जाते. शहरातील घर पाहून आलेला गृहस्थ स्वयंपाकघराला लागून, घराच्या वरच्या कोपऱ्यात खोली काढतो. शहरात भिंतीतून नळ्या गेलेल्या असतात व खाली गटारयोजना असते. तेथे ते शोभते. वाडीत त्याच खोलीचे पाणी घराच्या जोत्याखाली मुरते. कारवीच्या कुडाची किंवा मातीची भिंत खालून ओल धरते, वाळवी लागते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत बसते.

पाणी आणणे माणसाच्या हाती आहे, पण ते वर चढविणे नाही. म्हणून न्हाणीघर घराच्या उताराकडील अंगास असावे, आणि त्याच्याही खाली परसातील झाडांसाठी जागा शिल्लक असावी. विहीर किंवा झरा त्याच दिशेला खाली असल्यास ती जागा सोडून द्यावी. जागा ठरविण्यापूर्वी एक घागर पाणी तेथे ओतून ते कोणीकडे जाते हे पाहावे. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या अंगणातही उतार असतो. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिने दोन टोकांची पातळी क्षणात काढता येते. सांडपाण्याच्या नळीला वा पन्हळीला चाळीसास एक, म्हणजे दहा फुटांत तीन इंच उतार मिळाला पाहिजे. एवढा उतार जेथे मिळत नाही तेथे न्हाणीघराचे जोते तितके उंच घ्यावे. जोते उंच करण्यास दगड लागतात, आणि दगडांची या भागात वाण नाही.

घराला चिकटून बांधण्याचा मोह टाळता आल्यास फार बरे. घराची भिंत व न्हाणीघराची भिंत यांत वीतभर अंतर ठेवून वरून मात्र छप्पर जोडून घ्यावे. म्हणजे पावसात भिजावे लागत नाही, आणि न्हाणीघराची ओल घरात शिरत नाही.

बांधणी

पाच फूट लांब व चार फूट रुंद जागा पुरते. जोते दगड-मुरमाचे चांगले चोपून घ्यावे. वर काँक्रीट करून त्यावर शहाबादी फरशी किंवा घोटलेला सिमेंटचा थर द्यावा. गुळगुळीत रंगीत लाद्या दिसावयास छान असतात, परंतु साबणाच्या पाण्यावर म्हातारे माणूस घसरून पडते. त्या पैशांत तीन फूट उंचीची पक्की भिंत होते. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत भिंत दगडाची किंवा विटांची, आतून सिमेंटने गिलावा केलेली असावी. त्यावर कूड, पत्रा, बांबूची तट्टी यांपैकी जे परवडेल ते चालेल, कारण शिंतोडे त्याच्या वर फारसे जात नाहीत. फरशीला भोकाच्या दिशेने पाच फुटांत सवा इंच उतार द्यावा. भोकाला जाळी अवश्य बसवावी. जुन्या घरांच्या मोरीच्या उघड्या भोकातून उंदीर येतो व उंदरामागे सापही येतो. दाराला आतून कडी हवी. ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु कडी नसलेले न्हाणीघर स्त्रिया दिवसा वापरीत नाहीत.

नळाशिवायही तोटीचे सुख मिळविता येते. घर उतारावर असेल तर वरच्या अंगास, न्हाणीघराच्या डोक्याइतक्या उंचीवर दगडी ओटा करून त्यावर पिंप ठेवावे व इंचभर व्यासाच्या नळीने पाणी आत आणावे. हंडे घेऊन येणारी बाई वरच्या वाटेनेच येत असेल, तर ते पिंपात ओतणे तिला सोपे जाते. पुन्हा बादली उचलण्याचे श्रम वाचतात. दोनशे लिटरचे पिंप भरल्यावर पाण्याचेच वजन दोनशे किलो होते, म्हणून ते कुडाच्या भिंतीवर किंवा वाशांवर कदापि ठेवू नये. पिंपावर घट्ट झाकण असावे आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून, घासून, कोरडे करावे. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

पावसाळ्यात तर पाणी आपण होऊन दारी येते. दहा चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला की तीस हजार लिटर पाणी होते. पागोळ्यांखाली पन्हळ लावून ते पिंपात घेतल्यास चार महिने आंघोळ व धुणे यांसाठी विहिरीवर जाण्याचे कारण उरत नाही. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी मात्र वाहून जाऊ द्यावे.

पाणी जावयाचे कोठे

मुरमाड जमिनीत शोषखड्डा हा चांगला उपाय होय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली, आणि पुढे ती पद्धत त्या जिल्ह्याच्या नावाने महाराष्ट्रात ओळखली जाऊ लागली. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घेऊन त्यात मध्यभागी भोके पाडलेली सिमेंटची कुंडी ठेवतात व भोवती दगड-गोटे भरतात. घाण व साबणाचा साका कुंडीत राहतो, पाणी दगडांतून जमिनीत जिरते. कुंडी अधूनमधून उपसावी लागते, ही गोष्ट खड्डा खणून देणारा सांगावयास विसरतो.

परंतु नांदेडचा पाऊस व कर्जतचा पाऊस यांत फार अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. खड्डा खणण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घ्यावी. होऊ घातलेल्या खड्ड्याच्या तळाइतके खोल, फूटभर रुंदीचे भोक घ्यावे, संध्याकाळी ते पाण्याने भरून रात्रभर राहू द्यावे. सकाळी त्यात वीतभर पाणी ठेवून काडीवर खूण करावी. एक इंच पाणी उतरण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागल्यास त्या जागी शोषखड्डा करू नये. शिवाय माघात घेतलेली परीक्षा श्रावणात खोटी ठरते. म्हणून तेच भोक झाकून ठेवून पावसाळ्यात पुन्हा पाहावे. खाचराकाठच्या घरी बहुधा ते काठोकाठ भरलेले आढळेल. तेथे शोषखड्डा म्हणजे डासांची विहीरच.

खाचराकाठी व कातळावर झाडांचा आधार घ्यावा. न्हाणीघराचे पाणी प्रथम गोणपाट किंवा काथ्या व बारीक खडी घातलेल्या लहान कुंडीतून गाळून घ्यावे. मग ते केळी, अळू, कर्दळ, नारळ यांच्या आळ्यांत सोडावे. एकाच आळ्यात सर्व पाणी न सोडता तीन-चार आळी करून दर दोन दिवसांनी पन्हळीचे तोंड बदलावे. केळीलाही सतत चिखलात उभे राहणे मानवत नाही. कातळावर माती नसल्यास गुडघाभर उंचीचा दगडी बांध घालून दहा फूट लांब व तीन फूट रुंद असा वाफा करावा. त्याच्या तळाशी गोटे, त्यावर खडी व वर मुरूम-माती भरून त्यात कर्दळ लावावी. वाफ्याच्या खालच्या अंगास निर्गमाचे भोक ठेवावे, कारण सर्वच पाणी त्यात आटत नाही. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांसारखा कच्चा खाण्याचा भाजीपाला या पाण्यावर घेऊ नये.

चार महिन्यांची व्यवस्था वेगळी ठेवणे भाग आहे. जमीन पाण्याने भरलेली असताना तिच्यात आणखी काही जिरत नाही. त्या काळात पन्हळीचे तोंड वहाळाकडे जाणाऱ्या पक्क्या चरात वळवावे, म्हणजे थोडेसे साबणाचे पाणी पावसाच्या लोंढ्यात मिसळून निघून जाईल. न्हाणीघराच्या पाण्याच्या बाबतीत हे क्षम्य आहे. मैल्याच्या बाबतीत मुळीच नाही.

तीव्र उतारावर आणखी एक दक्षता हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडीतील अनेक घरे माणसांसह गाडली गेली. त्या संकटाचा न्हाणीघरांशी संबंध नव्हता. तथापि पाण्याने भरलेली डोंगराची माती काय करू शकते हे तालुक्याने पाहिले आहे. घरासाठी उतार कापून केलेल्या उभ्या कडेच्या माथ्यावर, किंवा खालच्या घराच्या नेमके वर, शोषखड्डा खणून तेथील माती बारमाही ओली ठेवू नये.

स्वयंपाकघरातील मोरी

मोरीचे पाणी न्हाणीघराच्या पाण्याहून थोडे असते, पण अधिक त्रासदायक असते. त्यात तेल, भाताचे शीत, माशाचे खवले जातात व दोन दिवसांत दुर्गंधी सुटते. भांडी आधी राखेने पुसून खरकटे गुरांना किंवा खताच्या खड्ड्यात टाकले तर निम्मे काम होते. मोरीबाहेर एक लहान झाकणाची कुंडी बांधून तिचे बाहेर जाणारे तोंड पाण्याच्या पातळीखाली ठेवावे. तेल वर तरंगत राहते व पुढच्या नळीत जात नाही. ते आठवड्यास काढून टाकावे. मोरी व न्हाणीघर घराच्या एकाच अंगास घेतल्यास पुढे एकच पन्हळ पुरते.

संडास वेगळा

न्हाणीघराबरोबर संडासही बांधून घ्यावा अशी इच्छा असते, व ती योग्यच आहे. स्वच्छ भारत मिशनखाली २०१४ पासून शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनेक कुटुंबांना मिळाले. दोन शोषखड्ड्यांचा, पाणी ओतून वापरावयाचा संडास हा ग्रामीण घरास सर्वांत सोयीचा. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. बंद खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते. न्हाणीघराचे पाणी मात्र त्या खड्ड्यांत सोडू नये. ते सोडले की खड्डे वेळेपूर्वी भरतात, खत कुजत नाही, आणि पावसाळ्यात मैला वर येतो. एकच नळी दोन्हीकडे जोडून खर्च वाचविणारा गवंडी घरधन्याचे हित करीत नाही.

येथे विहिरीचा प्रश्न उभा राहतो, आणि या सर्व लेखात याहून गंभीर गोष्ट नाही. सामान्य मातीत संडासाचा खड्डा विहिरीपासून दहा-पंधरा मीटर दूर असला की पुरते असे मानतात. मातीतून झिरपताना पाणी गाळले जाते, हे त्यामागील कारण. काळ्या कातळाला भेगा असतात. भेगेतून जाणारे पाणी गाळले जात नाही, आणि ते कोठे निघेल हे वरून दिसत नाही. म्हणून कातळाच्या मुलखात केवळ अंतरावर विसंबू नये. खड्डा नेहमी विहिरीच्या किंवा झऱ्याच्या खालच्या अंगास असावा. तशी जागा नसल्यास, किंवा खणताना भेगाळ कातळ लागल्यास, खड्डा खणूच नये. तेथे जमिनीवर उभारलेल्या, पक्क्या तळाच्या दोन कुंड्यांचा व मातीचे किंवा राखेचे आच्छादन टाकून वापरावयाचा संडास करावा. कोकणात ही विचारसरणी नवी नव्हे. १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापन करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या साध्या संडासाचा प्रसार केला. तो ‘गोपुरी संडास’ म्हणूनच ओळखला गेला. एका घराच्या सोयीने साऱ्या वाडीची विहीर नासली, तर आषाढात जुलाब व कावीळ घरोघर शिरतात, आणि ज्याने खड्डा खणला त्याचे घरही त्यातून सुटत नाही.

शेजारी व गावपातळीवरील कार्यकर्ता

उतारावरच्या वाडीत प्रत्येक घराचे सांडपाणी हे खालच्या घराचे गाऱ्हाणे असते. वरच्याने न्हाणीघर बांधले व पाणी खालच्याच्या ओटीसमोर आले की भांडण ठरलेलेच. म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्यांनी एकेका घराची आखणी न करता पाच-सहा घरांची ओळ एकदम पाहावी. सर्वांत खालच्या घरापासून आरंभ करून वर जावे. दोन घरांच्या मधला चर समाईक करता येतो. खालच्या परसातील केळींना वरच्याचे पाणी हवेसेही असते, मात्र ते विचारून सोडलेले असावे. आणि आखणीच्या वेळी घरातील स्त्रियांस बोलवावे. पाणी कोणत्या वाटेने येते, अंधारात कोठे भीती वाटते, बाळंतिणीस गरम पाणी कोठून न्यावे लागते, हे पुरुषास बहुधा ठाऊक नसते.

कामाचा हंगाम भातकापणी आटोपल्यानंतरचा. मार्गशीर्ष ते माघ या काळात दगड, मुरूम व माणसे तिन्ही मिळतात, आणि फरशीला पाणी मारण्यापुरते विहिरीतही असते. ज्यांना या वर्षी बांधणे जमणार नाही, त्यांनी निदान येत्या पावसाळ्यात एक काम करावे. जोराची सर ओसरल्यावर परसात हिंडून पाणी कोठे साचते, कोठून वाहते, कोणत्या दगडाखाली पाझर फुटतो हे पाहावे, आणि त्या त्या जागी बांबूच्या खुंट्या ठोकून ठेवाव्यात. गवंडी येईल त्या दिवशी त्या खुंट्या त्याला दाखवाव्यात.